‘ती क्लासला गेलीय’

ताई, नमस्कार.

मी नवापुऱ्यात राहते, अलकापुरीत चार घरी पोळ्यांची कामं करते. मिस्टर रंगारी आहेत, काम असेल तेव्हा असतं. एकच मुलगी, सातवीत. पहिलीच्या वेळी आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या मोफत जागांत, तिचा नंबर लागला आणि मोठ्या इंग्रजी शाळेत गेली. त्या दिवशी आम्ही अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते.

शाळा सुटली की कधीकधी ती माझ्या कामाच्या एका बंगल्यावर येते. मागच्या ओट्यावर अभ्यास करत बसते, मग आम्ही दोघी बरोबर घरी जातो. बंगल्यात आजी-आजोबाच असतात, त्यांची मुलं परदेशात.

मागच्या गुरुवारी तिथं पोळ्या लाटत होते. लेक त्या दिवशी आली नव्हती. बेल वाजली, आजी पूजेला बसल्या होत्या म्हणून मीच दार उघडलं. लेकीच्याच शाळेच्या ड्रेसमधली मुलगी, फाटकाबाहेर गाडीत तिचे पप्पा. लेकीचं नाव घेऊन म्हणाली, ‘आंटी, तिला बोलवा ना, माझ्या बर्थडेचं कार्ड द्यायचंय.’ माझे हात पिठाचे. आधी काही समजेना. मग समजलं, हिनं शाळेत हा बंगला आपला म्हणून सांगितलाय. मी म्हणाले, ‘ती क्लासला गेलीय.’ कार्ड घेतलं, दार लावलं. कार्ड अजून माझ्या पिशवीत आहे. वाढदिवस महिनाअखेरीला आहे. लेकीला मी काही बोलले नाही.

आजींनी सगळं ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी नातीचे दोन चांगले फ्रॉक काढून दिले, म्हणाल्या, वाढदिवसाला घालू दे. मी घेतले, पण घरी नेले नाहीत.

मैत्रिणी बरोबर असल्या की ती रस्त्यात माझ्याकडे बघत नाही. शाळेच्या मीटिंगचं विचारलं तर म्हणते, यावेळी नाहीये. तिसरीत असताना वर्गात बाईंनी ‘आरटीईवाले उभे राहा’ म्हणून पासबुकाच्या झेरॉक्स मागितल्या होत्या. रडत घरी आली होती. तेव्हापासून ते कागद मीच ऑफिसात नेऊन देते.

मिस्टर म्हणतात, आपण आपल्या पायरीनं राहायला पाहिजे होतं. तिला काढून नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत घालू का? तिथं सगळी आपल्यासारखीच असतील. आणि मी दारात खोटं बोलले, ते चुकलं का?

— एक आई, बडोदे

—

ताई,

आधी त्या दारातलं बोलू, कारण तुम्ही अजून तिथेच उभ्या आहात असं पत्र वाचून वाटलं. पिठाचे हात, समोर परकं लेकरू, बाहेर गाडीत त्याचा बाप, आत पूजेची घंटा. त्या क्षणी तुमच्या तोंडून खरं निघालं असतं तर ते आधी गाडीतल्या माणसानं ऐकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गानं. तुमच्या लेकीची गोष्ट तिच्या पाठीमागे, ती हजर नसताना फुटली असती. तुम्ही ती तिच्यासाठी राखून ठेवलीत. नाही, तुमचं काही चुकलं नाही. एका श्वासात एवढं सांभाळून घेणं मला तरी जमलं नसतं.

आता दुसरं. तिनं बंगला आपला म्हणून सांगितलं, हे तुम्ही धरून चालला आहात. तसं सांगितलंही असेल. पण तुम्हीच लिहिलंय की ती शाळेतून तिथे येते. दप्तर घेऊन फाटक उघडून आत जाणारी मुलगी मैत्रिणीला गाडीतून दिसली, दोनचारदा दिसली, आणि मैत्रिणीनं ठरवलं की हे हिचं घर. विचारलंही असेल, ‘तू इथं राहतेस?’ आणि तुमची लेक नुसती हसली असेल. कदाचित तिनं एक शब्दही खोटा उच्चारला नसेल, फक्त ‘नाही’ म्हणायचं राहून गेलं असेल. मुलांच्या अशा गोष्टी बहुतेक वेळा अशाच सुरू होतात. मोठ्यांनी आधी मापून दिलेल्या जागेत ती जाऊन बसतात. म्हणून तिच्याशी बोलायला बसाल तेव्हा ‘तू खोटं का बोललीस’ इथून सुरुवात करू नका.

मी ह्या गावात एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुटीनंतर पाचवीच्या वर्गाला मी निबंध दिला, ‘माझी सुटी’. एका मुलानं दोन पानं लिहिलं, आम्ही अबूला गेलो. बसमध्ये बहिणीला उलटी झाली, बाबांनी वाटेत तिला सोडा पाजला, वर थंडी होती म्हणून आईच्या शालीत तिघं बसलो. सगळं कसं डोळ्यांपुढे उभं राहील असं. आणि मग तिथल्या नक्की नावाच्या तलावाबद्दल एक वाक्य: ‘नक्की तलावाच्या काठावर मगरी ऊन खात पडल्या होत्या.’ मी वर्गातच म्हणाले, ‘अरे, नक्की तलावात कुठल्या मगरी? मगरी आपल्या विश्वामित्री नदीत!’ वर्ग हसला. तो खाली बसला. पुढे कळलं की सुटीभर तो सेव-उसळच्या लारीवर प्लेटा विसळत होता. घर नदीकाठच्या वस्तीत. पाणी म्हटलं की त्याला एकच पाणी माहीत होतं, आणि त्या पाण्याच्या काठावर मगरी असायच्याच.

तो मुलगा खोटारडा नव्हता हो. विषयच मी असा दिला होता की ज्याला सुटी मिळाली नाही त्यानं ती कुठूनतरी आणणं भाग होतं. तो विषय मी पुन्हा कधी दिला नाही. पण त्या मुलानंही त्या वर्षी पुन्हा चार ओळींच्या वर निबंध लिहिला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या लेकीला असा विषय रोज मिळतो. सुटीत कुठे गेलीस, तुमच्याकडे कुठली गाडी आहे, तुझी स्वतःची खोली आहे का, टॅब कुठला. विचारणारी मुलं वाईट नसतात, त्यांच्या घरी हे असतं म्हणून ती विचारतात. तुमची लेक उत्तरं देऊन देऊन थकलीय. रस्त्यात तुमच्याकडे बघत नाही तेव्हा तुमची किंमत तिला कळत नाही असं समजू नका. जी मुलगी शाळा सुटल्यावर तुमच्याजवळ ओट्यावर येऊन बसते, तुमच्याबरोबर चालत घरी येते, तिला आई हवी आहे. तिला त्या प्रश्नांपासून सुटका हवी आहे.

तिसरीतला तो दिवस मात्र तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलात आणि माझं मन तिथेच थांबलं. आठ वर्षांची मुलं. ‘आरटीईवाले उभे राहा.’ त्या दिवसापर्यंत ती त्या वर्गातली एक मुलगी होती. त्यानंतर ती आरटीईवाली झाली. ताई, हा जो शब्द तिला चिकटला त्याचा अर्थ तिला कुणी सांगितलाय का? शाळेनं सांगितला नसणार. तुम्ही सांगितलात? मला वाटतं, नसेल. आपण मुलांना पेढे भरवतो आणि म्हणतो, ‘तुझं नशीब चांगलं, आता नीट अभ्यास कर, शाळेनं घेतलंय तुला.’ ह्या ‘घेतलंय’मध्ये सगळं बिघडतं. कुणाच्या मेहेरबानीनं आत आलेलं मूल कायम दाराजवळ बसतं. कोण कधी उठवेल याचा नेम नाही, मग ते आपलं खरं घर कशाला सांगेल?

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: ती तिथे कशी आली, हे तिला नीट, हिशोबासकट सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

२००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फी न घेता शिकवायचं, हे त्यात लिहिलंय. शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०१२ मध्ये न्यायालयानं ते कलम कायम ठेवलं, फक्त अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या. तुमच्या लेकीमागे सरकार शाळेला ठरलेली रक्कम देतं. तिला सांगा, ‘तुझी जागा फुकटची नाही, तिचे पैसे भरले जातात, आणि सरकारकडे ते आपल्याकडूनही जातात. मी तेलाची पिशवी आणते, पप्पा ब्रश आणि पॉलिशपेपर आणतात, त्या प्रत्येकावर कर असतो.’ सातवीतल्या मुलीला हे कळतं. टक्केवारी तर ती तुम्हाला समजावून देईल.

आणि हे बडोदे आहे, हेही सांगा. १८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनाही. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड व्हायचा. ब्रिटिशांच्या मुलखात गोखल्यांनी असंच विधेयक १९११ मध्ये मांडलं तर ते पुढे फेटाळलं गेलं. गरिबाच्या मुलीनं शाळेत असायलाच हवं, हे ह्या गावानं शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलं होतं. नवापुऱ्यातली मुलगी ह्या गावात पाहुणी नाही.

(आपल्याकडे अशा वेळी मुलांना कवळाण्याच्या गोपाळाची, म्हणजे ह्याच सयाजीरावांची, गोष्ट सांगतात: शेतकऱ्याचा मुलगा, बाराव्या वर्षी दत्तक आला, राजा झाला. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण तुमच्या लेकीला मी ती सांगणार नाही. त्याला वाडा मिळाला तो सगळा, त्याचा होऊन मिळाला. तिला रोज संध्याकाळी वाड्यातून चाळीत परत यायचं असतं.)

तिला मी दुसरी गोष्ट सांगेन, ह्याच गावातली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी इथे आले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. कमाटीबागेत ते काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून गेले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, नाव लपवलं होतं ह्याच्यासकट. जातीचा तो दाह आणि तुमच्या लेकीची लाज एका मापानं मोजायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिला एवढंच विचारा: त्यांनी नाव लपवलं, तर लाज कुणाला वाटायला हवी होती? एखाद्या रविवारी तिला कमाटीबागेत संकल्पभूमीला, त्यांच्या त्या दिवसाच्या स्मारकाला, घेऊन जा. प्राणिसंग्रहालय तिनं पाहिलेलं असेल, हे पाहिलेलं नसेल.

बोलायचं कधी? समोर बसवून नको. तुम्ही दोघी बंगल्यावरून चालत घरी जाता ना, तेव्हा. चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही. आधी कार्ड द्या आणि सांगा, ‘तुझी मैत्रीण आली होती, मी म्हटलं तू क्लासला गेलीस.’ मग गप्प राहा. ती रडेल, चिडेल, ‘तू कशाला दार उघडलंस’ असंही म्हणेल. ते ऐकून घ्या. तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. त्या रात्री कायदा नको आणि सयाजीरावही नकोत, ते आठ-पंधरा दिवसांत थोडं थोडं.

आणखी एक गोष्ट तिला माहीत असायला हवी, ती म्हणजे तुमचं काम. चार घरं ती जाणते, पण रोजच्या पोळ्या किती, कणीक किती भिजवायची, कुठल्या घरी तूप लावून आणि कुठल्या घरी कोरड्या, कुणाला किती पातळ, महिन्याला किती मिळतात, त्यातलं भाडं किती, तिच्या व्हॅनचे किती, हे तिला एकदा वहीवर मांडू द्या. सहानुभूती वाटावी म्हणून नव्हे. घर कशावर चालतं हे ज्या मुलांना आकड्यांत माहीत असतं, त्यांना कुणी विचारलं तर उत्तर देता येतं. ज्यांना माहीत नसतं त्यांना गोष्ट रचावी लागते.

शाळेबद्दल आता. फी नसते, पण त्या शाळांमध्ये पैसा फीच्या पावतीवर कमी आणि इतरत्र जास्त दिसतो. प्रोजेक्टला कलर प्रिंट हवी, पान दहा रुपये. स्नेहसंमेलनाला भाड्याचा ड्रेस. सहल. आज रात्री दहाला ग्रुपवर मेसेज, उद्या सकाळी थर्मोकोल घेऊन या. ज्या घरी गाडी आणि एक रिकामा माणूस आहे तिथे ही चुटकीसरशी होणारी कामं आहेत. तुमच्या घरी त्याच मेसेजपायी रात्री मिस्टर सायकल काढून दुकान शोधत फिरतात. हे तुमचं कमी पडणं नाही, शाळेनं विचार न करणं आहे, आणि ते शाळेला सांगता येतं.

गुजरातमध्ये आरटीईच्या मुलांच्या पालकांना पुस्तकं, गणवेश वगैरेंसाठी वर्षाला ३,००० रुपये खात्यात मिळतात. ते पासबुक त्यासाठीच असतं. दरवर्षी जमा होतात का ते बँकेत एकदा बघून घ्या. आणि कायद्याच्या नियमांत स्पष्ट आहे की ह्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, पुस्तकं, गणवेश, वाचनालय, खेळ, कशातही भेद करायचा नाही. मुलाला मानसिक त्रास द्यायलाही कायद्यानंच मनाई आहे. भर वर्गात ‘आरटीईवाले उभे राहा’ म्हणणं मी तरी त्यातच धरते. तेव्हा पुढच्या पालक मीटिंगला जा. गुपचूप जाऊन लेकीला धक्का देऊ नका, आदल्या दिवशी सांगा, ‘मी येणार आहे. तुझ्याबद्दल काही वाईट बोलायला नाही, दोन गोष्टी मागायला.’ वर्गशिक्षिकेला एकटीला गाठा आणि शांतपणे, हिंदीत, गुजरातीत, जी भाषा येते तीत, सांगा: कागद मागायचे तर पालकांना फोन करा, वर्गात नाव घेऊ नका, आणि सामान आणायचं असेल तर दोन दिवस आधी कळवा. बहुतेक शिक्षिका हे ऐकतात. मीही ऐकलं असतं, मला कुणी सांगितलं असतं तर. नाहीच ऐकलं तर तेच दोन मुद्दे लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या.

समितीच्या शाळेत घालू का? त्या शाळांबद्दल माझ्या मनात माया आहे, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतून शिकलेली किती मुलं आज मला रस्त्यात थांबवून पाया पडतात. कुणी शिक्षणासाठी तिथे मूल घातलं तर मी आनंदानं पाठवेन. पण लपायला म्हणून नको. शिवाय आरटीईचा प्रवेश पहिलीलाच मिळतो, सातवीत सोडलेली जागा परत मिळत नाही. आणि ‘तिथं सगळी आपल्यासारखीच’ ह्यातही फार तथ्य नाही. तिथेही कुणाचा बाप पक्क्या नोकरीत असतो, कुणाचं घर २०२४ च्या पुरात चार दिवस पाण्यात असतं. आजचा हा प्रश्न ती बरोबर घेऊनच तिथे जाईल.

लेकीनं स्वतः सांगितलं की मला तिथे राहायचंच नाही, रोज सकाळी पोट दुखतंय, झोप नाही, तर गोष्ट वेगळी. मग मला पुन्हा लिहा.

खरी चिंता आठवीनंतरची करा. मोफत शिक्षण आठवीला संपतं आणि नववीच्या फीचा आकडा बघून कित्येक घरांची झोप उडते. दीड वर्ष हातात आहे. आठवीत असताना ज्ञान साधना शिष्यवृत्तीची परीक्षा असते, आरटीईतून शिकलेली मुलं तिला बसू शकतात, तो फॉर्म चुकवू नका. मुलींसाठी २०२४ पासून नमो लक्ष्मी योजना आहे: नववी-दहावीला वर्षाला १० हजार, अकरावी-बारावीला १५ हजार, चार वर्षांचे मिळून ५० हजार. थोडे दरमहा, बाकीचे दहावी आणि बारावी पास झाल्यावर, आणि हजेरी लागते. तिच्या सध्याच्या शाळेची नववीची फी आत्ताच विचारून ठेवा. ह्या दोन्ही रकमा धरूनही झेपत नसेल तर अनुदानित माध्यमिक शाळा शोधायला सातवीचा उन्हाळा पुरतो, आठवीचा पुरत नाही.

मिस्टरांना रागावू नका. त्यांच्या ‘पायरी’मागे भीती आहे, लेक शिकून आपल्याला ओळखेनाशी होईल ही. पण त्यांना एवढं सांगा की अर्ध्या अलकापुरीच्या भिंती त्यांनी शिडीवर उभं राहून रंगवल्यात, आणि ती शिडी त्यांची स्वतःची आहे. मीटिंगला त्यांनाही घेऊन जा.

राहिले फ्रॉक. आजींनी वाईट मनानं दिले नाहीत. त्यांनी ऐकलं, त्यांना बोचलं, आणि त्यांच्या हाताशी कपाट होतं. पण नातीचा फ्रॉक घालून तुमची लेक त्या वाढदिवसाला गेली तर ती पुन्हा बंगल्यातलीच मुलगी होऊन जाईल. फ्रॉक लेकीला दाखवा, आवडला तर दिवाळीला घालू दे, वाढदिवसाला तिच्या स्वतःच्या कपड्यांतला चांगला ड्रेस. आणि आजींना सांगा, फ्रॉकबद्दल आभार, पण मला एक वेगळं हवंय: पालक मीटिंगच्या दिवशी सकाळची सुटी, पगार न कापता.

हे सदर वाचणाऱ्या पुष्कळ घरांत पोळ्यांना बाई येते. त्या घरांनाही मला हे सांगायचंय. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंचं मूल कितवीत आहे, कुठल्या शाळेत आहे, हे ठाऊक असेल. त्याची पालक मीटिंग कधी असते? बऱ्याच शाळांत ती शनिवारी सकाळी नऊ ते अकरा असते आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या पोळ्या होतात. वर्षातून तीनचार सकाळी आपल्याला ब्रेड खाता येतो. जुने कपडे देण्याआधी ही सुटी द्या, त्यांनी मागायच्या आधी द्या. आणि मूल शाळेतून तुमच्याकडे येत असेल तर त्याला मागच्या ओट्यावर बसवू नका. आत टेबल असतं.

ताई, आता ते कार्ड. आजच पिशवीतून काढा. जायचं की नाही ते तिला ठरवू द्या. गेली तर भेटवस्तूसाठी उसने पैसे काढू नका, शंभर-दीडशेत चांगलं पेन येतं, गोष्टीचं पुस्तक येतं. त्या मुलीला सगळं कधी सांगायचं, आधी सांगायचं, वाढदिवसानंतर की पुढच्या वर्षी, तेही तिचं तिला ठरवू द्या. जी मैत्रीण पप्पांना गाडी काढायला लावून कार्ड द्यायला दारापर्यंत येते तिला बंगल्याशी फारसं देणंघेणं नसावं, असं मला वाटतं, पण हे लेकीला तुम्ही पटवू नका, ते तिचं तिला दिसू दे.

रात्री मैत्रिणीचे पप्पा सोडायला येतील. त्या वेळी गाडी कुठे थांबवायला सांगायची, हाच तिच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न असणार, आणि आठवडाभर आधीपासून ती तोच घोळवत असेल. निघण्याआधी तुम्हीच विषय काढा. सांगा, ‘बंगल्यापाशी उतरलीस तर मी फाटकाबाहेर असेन, आपण चालत येऊ. नवापुऱ्याच्या नाक्यावर उतरलीस तर तिथे असेन. गल्लीत आलीस तर पप्पा खाली उभे असतील.’ ती जिथे म्हणेल तिथे, सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन थांबा. गाडीतून उतरल्यावर तिनं हाक मारली तर पुढे व्हा. नाही मारली तर गाडी वळेपर्यंत जरा बाजूला थांबा, आणि मग दोघी घरी या.